‘विघटनशील’ या विशेषणाची चिकित्सा : औषधवाहक बहुवारिकांच्या संदर्भात

प्रस्तावना :

गेल्या अर्धशतकात वैद्यकशास्त्रात ज्या कृत्रिम पदार्थांनी कायमचे स्थान मिळविले, त्यांत जैवविघटनशील बहुवारिकांचा अर्थात पॉलिमरांचा उल्लेख अग्रक्रमाने करावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर काढावा न लागणारा टाका, महिन्यातून एकदाच टोचावे लागणारे औषध, मेंदूतील गाठ काढल्यावर त्या पोकळीतच ठेवून दिली जाणारी औषधी चकती आणि हाड सांधेपर्यंत टिकून नंतर नाहीशी होणारी खीळ ही सर्व त्यांचीच रूपे होत. या विषयावरील आढावापर लेखन विपुल आहे. महाविद्यालयांतील औषधनिर्माणशास्त्र, रसायनशास्त्र व जैवतंत्रज्ञान या विभागांतूनही त्यात दरवर्षी भर पडत असते. परंतु या लेखनाची एक ठरीव चाकोरी झाली आहे. प्रारंभी आदर्श बहुवारिकाच्या गुणांची यादी येते, मग नैसर्गिक व संश्लेषित असे वर्गीकरण, मग विघटनकाळाचा तक्ता आणि अखेरीस उज्ज्वल भवितव्याची ग्वाही. ‘विघटनशील’ हे विशेषण या सबंध मांडणीत गुणवाचक म्हणून वावरते. जे विघटनशील ते निरुपद्रवी, असे समीकरण वाचकाच्या मनात नकळत रुजविले जाते. हे समीकरण कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रत्यक्ष रुग्णांवर वापरल्या गेलेल्या काही उत्पादनांच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे. प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या, पण रुग्णापर्यंत न पोहोचलेल्या असंख्य सूक्ष्मकणांचा विचार येथे हेतुतः टाळला आहे.

संज्ञेचा गोंधळ :

महाराष्ट्रातील सामान्य वाचकास ‘विघटनशील’ हा शब्द ऐकताच आठवते ती प्लॅस्टिकची पिशवी. राज्य शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली तेव्हा या शब्दाची चर्चा बाजारपेठेपर्यंत पोहोचली. पिशवीच्या संदर्भात विघटन म्हणजे मुख्यत्वे सूक्ष्मजीवांनी केलेले विघटन होय. शरीरात घातलेल्या पॉलिलॅक्टिक आम्लाचे विघटन मात्र जंतूंमुळे होत नाही. ते मुख्यतः पाण्यामुळे होते. बहुवारिकाच्या साखळीतील एस्टर बंध पाण्याच्या रेणूने तुटतात, साखळी आखूड होत जाते आणि शेवटी लॅक्टिक आम्ल उरते. हेच पॉलिलॅक्टिक आम्ल औद्योगिक खतनिर्मितीच्या ढिगात सुमारे ५८ ते ६० अंश सेल्सिअस तापमानाला काही आठवड्यांत वा महिन्यांत मोडून पडते, परंतु ३७ अंशांच्या मानवी शरीरात त्याचे स्फटिकी रूप वर्षानुवर्षे टिकू शकते. एकाच पदार्थाच्या बाबतीत एकच विशेषण दोन ठिकाणी दोन निराळ्या प्रक्रिया सुचविते. असे असूनही पर्यावरणविषयक लेखांतील परिच्छेद वैद्यकीय लेखांत जसेच्या तसे उतरविण्याची प्रथा चालू आहे, हे खेदजनक होय.

शास्त्रज्ञांनी या बाबतीत काळजी घेतली नाही असे नाही. १९८६ साली इंग्लंडमधील चेस्टर येथे युरोपीय जैवपदार्थ संस्थेच्या परिषदेत व्याख्या निश्चित करण्याचा प्रयत्न झाला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल व्हेर यांनी पुढे ‘विघटन पावणारे’ आणि ‘शरीरातून पूर्णपणे बाहेर टाकले जाणारे’ या दोन गोष्टींत काटेकोर भेद करण्याचा आग्रह धरला. एखादी वस्तू तुकडे होऊन मोडली म्हणजे ती शरीराबाहेर गेली असे होत नाही, हा त्या आग्रहाचा गाभा. मराठीत या भेदासाठी ‘विघटनशील’ आणि ‘शोष्य’ असे दोन शब्द सहज उपलब्ध आहेत, तरीही पाठ्यपुस्तकांतून ते पर्यायवाची म्हणूनच वापरले जातात. पुढे ज्या वैद्यकीय अडचणींचा उल्लेख येणार आहे, त्यांतील बहुतेक नेमक्या या दोन शब्दांमधील अंतरात उद्भवल्या आहेत.

टाक्यापासून सुरुवात :

पॉलिलॅक्टिक आम्लाचा इतिहास १९३२ पर्यंत मागे नेता येतो. ड्युपाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांनी कमी रेणुभाराचे पॉलिलॅक्टिक आम्ल तयार केले होते. ते पाण्याने मोडते, हा त्या काळी दोष होता, कारण तेव्हाच्या उद्योगास टिकाऊ धागा हवा होता. याच दोषाचे गुणात रूपांतर वैद्यकशास्त्राने केले. १९६६ साली अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतून शस्त्रक्रियेतील वापरासाठी पॉलिलॅक्टिक आम्ल सुचविणारा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांतील पहिले नाव आर. के. कुलकर्णी हे होते. गिनीपिग व उंदीर यांच्या शरीरात हा पदार्थ विषारी ठरत नाही व हळूहळू मोडतो, असे त्यात दाखविले होते. या क्षेत्रातील जवळजवळ प्रत्येक आढाव्यात उल्लेखिला जाणारा हा निबंध मुळातून वाचणारे मात्र फार थोडे.

१९७० च्या सुमारास पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा ‘डेक्सॉन’ आणि १९७४ च्या सुमारास ‘व्हिक्रिल’ हे विरघळणारे टाके बाजारात आले. त्यापूर्वी मेंढीच्या वा गुरांच्या आतड्यापासून केलेली ‘कॅटगट’ वापरली जाई. ती विकरांमुळे मोडते, म्हणजे रोग्यागणिक व जखमेगणिक तिचा काळ बदलतो. संश्लेषित टाका पाण्यामुळे मोडत असल्याने त्याचा काळ बराचसा निश्चित राहतो. हा लाभ खरा आहे.

व्हिक्रिलच्या बाबतीत एक तपशील बारकाईने पाहण्याजोगा आहे. ग्लायकॉलाइड ९० व लॅक्टाइड १० या प्रमाणाच्या या धाग्याची ताकद तीन आठवड्यांत सुमारे निम्म्यावर येते. त्याचे वस्तुमान नाहीसे व्हावयास मात्र ५६ ते ७० दिवस लागतात. म्हणजे जखम धरून ठेवण्याचे धाग्याचे काम संपल्यावरही कित्येक आठवडे तो परकी वस्तू म्हणून ऊतींत पडून असतो. विघटनाचे एकच घड्याळ नसते. प्रथम साखळीचा रेणुभार घटतो, मग ताकद जाते, मग वस्तुमान कमी होते. औषध भरलेले असेल तर त्याच्या मुक्तीचे घड्याळ आणखी निराळे. आढाव्यांतील तक्त्यांत ‘पीएलजीए ५० : ५० – एक ते दोन महिने’ असा जो एकच आकडा दिलेला असतो तो यांपैकी कोणत्या घड्याळावरचा, हे क्वचितच सांगितलेले असते.

या तक्त्यांविषयी आणखी एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. लॅक्टिक व ग्लायकॉलिक आम्लांच्या सहबहुवारिकाचा म्हणजे पीएलजीएचा विघटनकाळ हा केवळ त्यांच्या प्रमाणावर अवलंबून असल्यासारखा दाखविला जातो. लॅक्टिक घटकातील मिथिल गट पाण्याला अडवितो, ग्लायकॉलिक घटक अधिक जलस्नेही असतो आणि समप्रमाणात मिसळल्यावर साखळ्यांना स्फटिकी रचना घेता येत नाही, म्हणून ५० : ५० हे प्रमाण सर्वांत लवकर मोडते, हे बरोबरच आहे. पण रेणुभार, साखळीच्या टोकाचा गट, निर्जंतुकीकरणाची पद्धत आणि वस्तूचा आकार यांचाही प्रभाव तितकाच असतो. आकाराचा प्रभाव तर सामान्य अपेक्षेच्या उलट पडतो. जाड वस्तू हळू मोडेल असे कोणासही वाटावे. प्रत्यक्षात जाड वस्तूच्या गाभ्यात निर्माण झालेले आम्ल बाहेर पडू शकत नाही, ते तेथेच साचते आणि एस्टर बंध तोडण्याच्या क्रियेस गती देते. परिणामी गाभा आधी पोखरला जातो आणि बाहेरचे कवच तसेच राहते. फळ आतून किडलेले असावे आणि साल मात्र शाबूत दिसावी, असा हा प्रकार होय. व्हेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात हे स्पष्ट केले होते.

‘लॅक्टिक आम्ल तर शरीरातच असते’ :

विघटनशील बहुवारिकांच्या समर्थनार्थ हा युक्तिवाद सर्वाधिक वेळा केला जातो. धावल्यानंतर स्नायूंत तयार होणारे लॅक्टिक आम्ल शरीर पचविते, तद्वतच बहुवारिकापासून झालेले लॅक्टिक आम्लही क्रेब्स चक्रातून कार्बन डायऑक्साइड व पाणी होऊन जाते, असे सांगितले जाते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने यात चूक नाही. चूक आहे ती प्रमाण, स्थान व वेग यांकडे दुर्लक्ष करण्यात. पाणी जीवनावश्यक आहे म्हणून फुफ्फुसात पाणी साचलेले चालेल, असे कोणी म्हणत नाही.

हेलसिंकी येथील अस्थिशल्यचिकित्सक बोस्टमन व त्यांचे सहकारी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली आकडेवारी या संदर्भात मननीय आहे. विघटनशील खिळ्या, सळ्या व स्क्रू बसविलेल्या २५२८ रुग्णांपैकी १०८ जणांत उपचाराची गरज पडेल अशी दाहक प्रतिक्रिया उमटली. पॉलिग्लायकॉलिक आम्लाच्या बाबतीत हे प्रमाण ५.३ टक्के होते आणि ती प्रतिक्रिया सरासरी ११ आठवड्यांनी, म्हणजे हाड सांधून रुग्ण निर्धास्त झाल्यावर दिसून आली. पॉलिलॅक्टिक आम्लाच्या बाबतीत प्रमाण अवघे ०.२ टक्के निघाले. या दुसऱ्या आकड्याचा आधार घेऊन पॉलिलॅक्टिक आम्ल निर्वेध असल्याचे पुष्कळांनी लिहिले.

त्या आकड्याची दुसरी बाजू नेदरलँड्समधील संशोधनात आधीच पुढे आली होती. बर्ग्स्मा आणि सहकाऱ्यांनी गालाच्या हाडाचे अस्थिभंग पॉलि-एल-लॅक्टाइडच्या पट्ट्या व स्क्रू वापरून जोडले होते. रुग्णांची संख्या केवळ दहा होती. हाडे नीट सांधली. मात्र सुमारे तीन वर्षांनंतर काही रुग्णांच्या चेहऱ्यावर पट्टीच्या जागी सूज आली. ती जागा उघडून पाहिली असता बहुवारिकाचे स्फटिकी कण ऊतींत विखुरलेले आढळले आणि ५.७ वर्षांनंतरही ते पूर्णतः गेलेले नव्हते. म्हणजे पदार्थ मोडला होता, पण शोषला गेला नव्हता. पॉलिग्लायकॉलिक आम्ल फार लवकर मोडल्याने त्रास झाला, तर पॉलि-एल-लॅक्टाइड फार हळू मोडल्याने. ज्या अभ्यासात रुग्णांचा मागोवा वर्षभरच घेतला जातो, त्यात दुसऱ्या प्रकारचा त्रास दिसणेच शक्य नाही. दोन वर्षांच्या प्रकल्पात उरकल्या जाणाऱ्या आपल्याकडील प्राण्यांवरील अभ्यासांची मर्यादाही येथेच आहे.

औषधवहन : यश आणि त्याचा अन्वयार्थ :

औषध सावकाश सोडण्याच्या संकल्पनेचा इतिहास सांगताना रॉबर्ट लँगर व जुडा फोकमन यांच्या १९७६ सालच्या निबंधाचा उल्लेख अपरिहार्य असतो. प्रथिनांसारखे मोठे रेणूही बहुवारिकातून दीर्घकाळ सोडता येतात, हे त्यांनी दाखविले. गंमत अशी की, त्यांनी ज्या बहुवारिकांवर हे सिद्ध केले त्यांतील प्रमुख एथिलीन-व्हिनाइल ॲसिटेट हे विघटनशील नव्हतेच. तरीही विघटनशील बहुवारिकांवरील आढाव्यांत हा निबंध मूळपुरुषाच्या स्थानी बसविला जातो. औषधाची सावकाश मुक्ती आणि वाहकाचे विघटन या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे यावरून लक्षात यावे.

पीएलजीएच्या सूक्ष्मगोलांचे निर्विवाद यश म्हणजे ल्युप्रोलाइडचे महिन्यातून एकदा घ्यावयाचे इंजेक्शन होय. अमेरिकेत त्यास १९८९ साली मान्यता मिळाली. पुरस्थ ग्रंथीच्या कर्करोगात रोज टोचावे लागणारे संप्रेरकसदृश औषध त्यामुळे महिन्यातून एकदा, पुढे तीन महिन्यांतून एकदा देणे शक्य झाले. हे यश कशामुळे मिळाले याची चिकित्सा फारशी झालेली नाही. ल्युप्रोलाइड हा नऊ अमिनो आम्लांचा लहान रेणू आहे. तो अत्यल्प मात्रेत प्रभावी ठरतो, त्याची मात्रा थोडी कमीअधिक झाल्यास विशेष अपाय होत नाही आणि आम्लधर्मी वातावरणात तो बऱ्यापैकी टिकतो. याचा अर्थ असा की, बहुवारिकाच्या त्रुटी सोसणारे औषध या बहुवारिकास योगायोगाने लाभले.

जेथे औषध असे सोशिक नव्हते तेथे काय झाले, हे मानवी वृद्धिसंप्रेरकाच्या उदाहरणावरून दिसते. पीएलजीएच्या सूक्ष्मगोलांत भरलेल्या वृद्धिसंप्रेरकाचे ‘न्युट्रोपिन डेपो’ हे उत्पादन डिसेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. खुज्या राहिलेल्या बालकांना रोजच्या सुईऐवजी महिन्यातून एकदा वा दोनदा सुई पुरावी, असा हेतू होता. २००४ साली ते मागे घेण्यात आले. उत्पादनास व विक्रीस लागणारी मोठी साधनसामग्री हे कारण कंपन्यांनी दिले. प्रथिनासारखा नाजूक रेणू कार्बनी द्रावक, घुसळण आणि वाळविणे या क्रियांतून शाबूत बाहेर काढणे मुळातच खर्चिक असते. त्यातच २००० साली लँगर व क्लिबानोव्ह यांच्या प्रयोगशाळांतून प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात विघटन पावणाऱ्या पीएलजीए सूक्ष्मगोलांच्या अंतर्भागाचा सामू मोजण्यात आला होता. तो केंद्राजवळ १.५ इतका खाली गेलेला आढळला. जठररसाशी तुलना व्हावी असे हे आम्ल. महिनाभर अशा वातावरणात ठेवलेले प्रथिन मूळ रूपात बाहेर येईल, अशी अपेक्षा करणे धाडसाचेच. तथापि प्रथिने, इन्सुलिन व लसी यांसाठी पीएलजीए सर्वोत्तम वाहक असल्याची विधाने आजही नव्या लेखांत सर्रास सापडतात.

‘ग्लायडेल’ चकतीचे उदाहरण याहून निराळे आहे. कारमस्टीन हे कर्करोगविरोधी औषध पॉलिॲनहायड्राइड वर्गातील बहुवारिकात मिसळून केलेली ही चकती १९९६ साली अमेरिकेत मान्य झाली. मेंदूतील ग्लायोब्लास्टोमाची गाठ काढल्यावर त्या पोकळीत अशा आठपर्यंत चकत्या ठेवतात. हे बहुवारिक आतून न पोखरता साबणाच्या वडीप्रमाणे वरून झिजावे, असा त्याच्या रचनेमागील विचार होता आणि तो रसायनशास्त्राच्या दृष्टीने अत्यंत देखणा आहे. तीन आठवड्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक बहुवारिक मोडते. तरीसुद्धा पुनःशस्त्रक्रिया वा शवविच्छेदन करताना २३२ दिवसांपर्यंत चकत्यांचे अवशेष आढळले आहेत. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या २२२ रुग्णांच्या चाचणीत चकतीमुळे मध्यक आयुर्मान २३ आठवड्यांवरून ३१ आठवड्यांवर गेले. आठ आठवडे हा त्या रुग्णासाठी व त्याच्या कुटुंबासाठी क्षुल्लक काळ नव्हे. पण या मर्यादित लाभाचे कारण बहुवारिकात शोधून चालणार नाही. पोकळीच्या काठापासून काही मिलिमीटर अंतरापलीकडे कारमस्टीन पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही आणि अर्बुदाच्या पेशी त्याच्या पलीकडे गेलेल्या असतात. वाहकाने आपले काम चोख केले, पण रोगाची व्याप्ती वाहकाच्या आवाक्याबाहेरची होती. ही गोष्ट स्पष्ट शब्दांत मांडणे आवश्यक असताना चकतीला ‘क्रांतिकारक’ म्हणून अनेक लेखक पुढच्या परिच्छेदाकडे वळतात.

रक्तवाहिनीतील मचाण :

विघटनशीलतेच्या समीकरणाची सर्वांत कठोर परीक्षा हृदयाच्या रोहिणीत झाली. धातूचा स्टेंट आयुष्यभर रोहिणीत राहतो. तो वाहिनीला जखडून ठेवतो आणि त्यावर उशिरा गुठळी होण्याचा धोका शिल्लक राहतो. म्हणून पॉलि-एल-लॅक्टाइडचे, एव्हरोलिमस हे औषध सोडणारे व सुमारे तीन वर्षांत नाहीसे होणारे मचाण बसवावे, ही कल्पना अतिशय आकर्षक होती. ‘ॲबसॉर्ब’ या नावाचे हे उपकरण युरोपनंतर २०१२ साली भारतातही आले. अमेरिकेत त्यास जुलै २०१६ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडील रुग्णांनी त्यासाठी लाखाहून अधिक रुपये मोजले. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने स्टेंटच्या कमाल किमती ठरविल्या, त्या वेळी विरघळणारे स्टेंट औषधवाहक धातूच्या स्टेंटच्याच गटात घालून २९,६०० रुपये ही मर्यादा लावण्यात आली. विरघळण्याच्या गुणासाठी वेगळी किंमत मान्य न करणारा हा निर्णय त्या वेळी नवसंशोधनास मारक म्हणून टीकेस पात्र ठरला होता.

पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वैद्यकांस उद्देशून पत्र काढले. दोन वर्षांच्या पाहणीत ॲबसॉर्ब बसविलेल्यांपैकी ११ टक्के रुग्णांत हृदयाच्या गंभीर घटना घडल्या होत्या, तर धातूचा स्टेंट बसविलेल्यांत हे प्रमाण ७.९ टक्के होते. उपकरणात गुठळी होण्याचे प्रमाण १.९ टक्के विरुद्ध ०.८ टक्के होते. सप्टेंबर २०१७ मध्ये उत्पादकांनी जगभरातील विक्री थांबविली. ज्या दोषासाठी धातू टाळावयाचा, तोच दोष बहुवारिकात दुपटीहून अधिक आढळावा, ही या प्रकरणातील शोकांतिका होय.

याची कारणमीमांसा बहुवारिकशास्त्राच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. पॉलि-एल-लॅक्टाइड धातूच्या मानाने कमकुवत असल्याने मचाणाच्या काड्या सुमारे १५० मायक्रोमीटर जाडीच्या ठेवाव्या लागल्या. तुलनेतील धातूच्या स्टेंटची काडी सुमारे ८१ मायक्रोमीटरची होती. जाड काडीभोवती रक्तप्रवाहात भोवरे निर्माण होतात आणि आतील अस्तर तिच्यावर चढण्यास वेळ लागतो. दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. मचाणाची ताकद आधी संपते आणि वस्तुमान नंतर जाते. हा व्हिक्रिलच्या धाग्यात दिसलेलाच क्रम. धाग्याच्या बाबतीत त्याचा उपद्रव झाला नाही, कारण तो स्थिर ऊतींत असतो. वाहत्या रक्तात मात्र ताकद गमावलेली, पण अजून न शोषली गेलेली काडी सांगाड्यापासून सुटून वाहिनीच्या पोकळीत डोकावू लागली. उशिरा झालेल्या गुठळ्यांचे हे एक महत्त्वाचे कारण ठरले. चार चाचण्यांतील ३३८४ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणातून २०१९ साली असेही दिसून आले की, हा अधिकचा धोका तीन वर्षांपर्यंतच होता आणि मचाण शोषले गेल्यानंतर तो ओसरला. म्हणजे ‘विरघळल्यावर धोका नाही’ हा दावा खरा होता. रुग्णाला मात्र त्याआधीची तीन वर्षे पार करावयाची होती.

येथील संशोधनाविषयी :

भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांत पीएलजीए आणि कायटोसान यांना विशेष पसंती दिसते. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर कोळंबीची टरफले मुबलक असल्याने कायटोसानविषयीची आपुलकी समजण्यासारखी आहे. परंतु टरफलांचा स्रोत व त्यांवरील प्रक्रिया बदलली की त्यातील ॲसिटिल गटांचे प्रमाण बदलते आणि त्याबरोबर विकरांनी मोडण्याचा वेगही बदलतो. शिवाय सामू ६.५ च्या वर कायटोसान विरघळत नाही आणि रक्ताचा सामू ७.४ आहे. ‘नैसर्गिक, स्वस्त, विघटनशील’ या तीन शब्दांवर प्रकरण संपविणाऱ्या प्रबंधांत हे दोन मुद्दे अभावानेच चर्चिले जातात.

पीएलजीएच्या बाबतीत ‘अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्य केलेले बहुवारिक’ हे वाक्य मंगलाचरणासारखे प्रारंभी येते. वास्तविक हे प्रशासन बहुवारिकास मान्यता देत नाही. ते विशिष्ट मात्रेच्या, विशिष्ट मार्गाने द्यावयाच्या, विशिष्ट उत्पादनास मान्यता देते. स्नायूत टोचलेल्या तीस मायक्रोमीटरच्या गोलाला मिळालेली मान्यता शिरेतून द्यावयाच्या दोनशे नॅनोमीटरच्या कणास लागू होत नाही. मार्गदर्शकांनी हे वाक्य प्रबंधातून प्रथम काढून टाकावे, इतके ते दिशाभूल करणारे आहे.

चाचणीच्या पद्धतीतही दोष आहे. ३७ अंश तापमान व ७.४ सामू असलेल्या फॉस्फेट द्रावणात सूक्ष्मगोल ठेवून ते द्रावण वरचेवर बदलले जाते. त्यामुळे तयार झालेले आम्ल वाहून जाते आणि वर वर्णिलेला आम्लसंचयाचा परिणाम झाकला जातो. मग शून्यकोटी वा हिगुची समीकरणाशी आलेख जुळविण्यात येतो आणि सहसंबंध गुणांक ०.९९ आला की समाधान मानले जाते. पहिल्याच दिवशी एकदम बाहेर पडणाऱ्या औषधाचा रुग्णाला काय अपाय होईल, हा प्रश्न त्या आलेखात बसत नाही.

आणखी एक बाब विदर्भ-मराठवाड्यातील अध्यापकांना अधिक जवळची वाटावी. पीएलजीएचे काचसंक्रमण तापमान साधारणपणे ४५ ते ५५ अंश सेल्सिअस असते आणि ओलावा शोषल्यास ते आणखी खाली येते. या तापमानाजवळ सूक्ष्मगोल मऊ होऊन एकमेकांस चिकटतात, मुक्तीचा वेग बदलतो. मे महिन्यात चंद्रपूर वा अकोला येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि बंद मालमोटारीत तो याहून अधिक असतो. महिनाभर पुरणारे इंजेक्शन दूरच्या खेड्यातील रुग्णाच्या खेपा वाचविते हे खरे, परंतु ते तेथवर शीतसाखळीतूनच पोहोचले पाहिजे. पुरस्थ ग्रंथीच्या कर्करोगात आपल्याकडील अनेक रुग्ण इंजेक्शनांऐवजी एकदाच करावयाची वृषणछेदनाची शस्त्रक्रिया पत्करतात. त्यामागे खर्चाइतकाच हा व्यवहारही असतो. या तापमानांना साठविलेल्या सूक्ष्मगोलांचा पद्धतशीर अभ्यास करण्यास महागडी उपकरणे लागत नाहीत आणि तो करण्यासाठी विदर्भातील महाविद्यालयांहून योग्य जागा नाही.

नव्या मान्यतेचे वाचन :

पॉलि-एल-लॅक्टाइडच्या मचाणाची कथा २०१७ मध्ये संपली नाही. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत गुडघ्याखालील रोहिण्यांसाठी ‘एस्प्रिट’ या नावाचे, त्याच बहुवारिकाचे व त्याच औषधाचे मचाण मान्य झाले. या वेळी काडीची जाडी ९९ मायक्रोमीटरवर आणण्यात आली आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या २६१ रुग्णांच्या चाचणीत एक वर्षानंतर ठरविलेले उद्दिष्ट मचाण बसविलेल्यांपैकी ७४ टक्क्यांनी, तर फुग्याने वाहिनी रुंद केलेल्यांपैकी ४४ टक्क्यांनी गाठले. पाय कापण्याची वेळ आलेल्या मधुमेही रुग्णांसाठी हा फरक मोठा आहे आणि मधुमेहींची संख्या ध्यानात घेता भारतासाठी तो विशेष महत्त्वाचा आहे. तथापि ही तुलना फुग्याशी आहे, धातूच्या स्टेंटशी नाही. आकडे पहिल्या वर्षाचे आहेत, तर ॲबसॉर्बचा अधिकचा धोका तिसऱ्या वर्षापर्यंत टिकला होता. बारीक झालेली काडी ताकद गमावल्यानंतर व शोषली जाण्यापूर्वी पायाच्या रोहिणीत, चालताना पडणाऱ्या दाबाखाली कशी वागते, हे पहिल्या वर्षाच्या आकड्यांतून समजू शकत नाही. त्यासाठी याच रुग्णांच्या दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाच्या नोंदी वाचाव्या लागतील.